बॅकअप सर्व्हर डेबियन १३ वर

शनिवार, महापे

आज ऑफिसचा बॅकअप सर्व्हर डेबियन (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) १२ वरून १३ वर नेला. ११ वरून १२ चं काम आधीच उरकलं होतं. ११ वरून थेट १३ वर उडी मारायला डेबियनचा पाठिंबा नाही, आणि ते बरंच आहे. मधल्या काळात १२ वर रोजचे बॅकअप नीट होताना दिसले, म्हणून आज निर्धास्त बसलो.

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हे मला पटत नाही. या मशीनच्या बाबतीत तर मुळीच नाही. इतर मशीनवर ज्याचं त्याचं असतं, इथे सगळ्यांचं आहे: ड्रॉइंग्ज, टॅली, पगारपत्रकं. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले आत शिरले की आधी बॅकअपच शोधतात. आपल्याकडची सगळ्यात मोलाची मशीन सिक्युरिटी अपडेटविना ठेवायची, हे कुठलं शहाणपण?

ऐरोलीहून, घरबसल्या एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, करता आलं असतं. पण नव्या कर्नलबरोबर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबरोबर, नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं; मग मशीन चालू असूनही बाहेरून सापडत नाही. म्हणून मॉनिटर-कीबोर्ड जोडून समोरच बसलो.

रिलीज नोट्स आधी नीट वाचल्या होत्या. १३ मध्ये तात्पुरत्या फाइलींची टेम्प डिरेक्टरी डिस्कवर नाही, रॅममध्ये असते आणि जास्तीत जास्त निम्मी रॅम घेते. आमची डेटाबेस डंपची (डेटाबेसची प्रत फाइलमध्ये उतरवायची) स्क्रिप्ट तिथेच भलीमोठी फाइल लिहायची. अपग्रेडच्या आधीच तिला डिस्कवरची वेगळी जागा दिली.

अपग्रेड चालू असताना मधेच प्रश्न येतो: या कॉन्फिग फाइलमध्ये तुम्ही बदल केलेत, तुमची ठेवू की नवी घालू? एसएसएचच्या फाइलवर हा प्रश्न आला तेव्हा बराच वेळ थांबलो. फरक दाखवण्याचा पर्याय घेतला, ओळ न ओळ वाचली. पासवर्डने लॉगिन बंद, बॅकअपच्या युजरला बोर्ग या बॅकअपच्या प्रोग्रामशिवाय दुसरं काही चालवायची मुभा नाही, हे सगळं त्याच फाइलमध्ये. आमचीच ठेवली.

बोर्गही डेबियनबरोबर पुढे सरकतो. त्याच्या १.२ आवृत्तीपासून प्रून केलं, म्हणजे जुने बॅकअप काढून टाकले, तरी डिस्कवर जागा मोकळी होत नाही, कॉम्पॅक्ट वेगळं चालवावं लागतं. हे ठाऊक नसेल तर डिस्क हळूहळू भरते आणि एका रात्री बॅकअप थांबतो.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी) चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी. डेटाबेस एका आवृत्तीचा, डंप काढणारं टूल जुन्या आवृत्तीचं, त्यामुळे डंप होतच नव्हता, आणि तसं कळवणाऱ्या मेलही नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं जगापुढे मांडलं, याबद्दल मला फार आदर आहे. आवृत्त्या बदलल्या की रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत काढून, पाहायचंच, हे मी तिथून घेतलं.

रीबूटनंतर आधी रेड (अनेक डिस्क एकत्र चालवायची व्यवस्था) पाहिलं, दोन्ही डिस्क जागेवर. मग रिस्टोअर. अकाउंट्सच्या मॅडमनी काल विचारलं होतं, “सर, सोमवारी टॅलीला काही होणार नाही ना?” टॅली वेगळ्या मशीनवर आहे, तसं त्यांना सांगितलंही. तरी चाचणीला त्यांचाच मार्चअखेरचा डेटा घेतला. अपग्रेडआधी त्याच आर्काइव्हमधून काढून चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारे आकडे) नोंदवून ठेवले होते. आताचे त्यांच्याशी तंतोतंत जुळले. तेवढ्यावर समाधान नव्हतं. टेस्ट लॅपटॉपवर कंपनी उघडली, ताळेबंद छापील प्रतीशी ताडून पाहिला. जुळला.

आज रात्रीचा बॅकअप आणि उद्याचा बोर्ग चेक पार पडेपर्यंत जुना कर्नल काढणार नाही. मॅडमना सोमवारी ताळेबंदाचं सांगायचं आहे.