फोझ कोआला जाताय? मग आधी टॅक्सी आणि पायऱ्यांचं वाचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फोझ कोआ हे पोर्तुगालमधलं, कोआ नदीच्या खोऱ्यातलं गाव, आणि पोर्तो शहरातून दोरो नदीच्या काठाकाठाने जी ट्रेन जाते ती फोझ कोआला जात नाही, ती पोसिन्योला संपते. नेटवर अर्ध्या लोकांनी "ट्रेनने थेट कोआ व्हॅली" असं लिहून ठेवलंय, त्यातल्या एकाने तरी जूनच्या शेवटी भर दुपारी पोसिन्योच्या प्लॅटफॉर्मवर उतरून दाखवावं. तिथून गाव सात-आठ किलोमीटर, तो सगळा वळणावळणाचा चढ, आम्ही उतरलो तेव्हा बस नव्हती आणि बाहेर टॅक्सी एकच. ड्रायव्हरने आमच्या सॅक बघितल्या, नवऱ्याचा घामाने भिजलेला शर्ट बघितला आणि मीटरला हातही न लावता पस्तीस युरो सांगितले. पस्तीस! घासाघीस करायला दुसरा कोणी असायला तर हवा ना. परत जाताना आमच्या मुक्कामाच्या घरमालकीणबाईंनी फोन करून ओळखीची गाडी बोलावून दिली, त्याच रस्त्याचे मीटरने तेरा झाले. तेव्हा राहायची जागा बुक केलीत की लगेच मेसेज टाका, अमुक ट्रेनने येतोय, गाडी पाठवा, मीटरने. पैसे वाचतील आणि मुख्य म्हणजे पहिल्याच तासाला डोकं फिरणार नाही.

आम्ही गेलो होतो ती कोरलेली चित्रं बघायला. कोआ ही दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत येऊन दोरोला मिळणारी नदी, आणि तिच्या काठच्या शिस्ट दगडाच्या उभ्या पापुद्र्यांवर वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी रानबैल, घोडे, रानबोकड, हरणं कोरून ठेवलीत. गुहेत नाही, उघड्यावर. त्याबद्दल पुढे सांगते, आधी पायऱ्यांचा राग बाहेर काढू दे.

गावाबाहेर टेकडीच्या टोकावर कोआ म्युझियम आहे, त्याच्यापासून खाली नदीकाठच्या जुन्या कोआ स्टेशनपर्यंत लाकडी पायऱ्यांची वाट केलीय. फोटो बघितलेच असतील, दोरो-कोआचा संगम, द्राक्षांचे मळे, पायऱ्यांवर पांढऱ्या ड्रेसमधली बाई हसतेय वगैरे. ती बाई चार पायऱ्या उतरून फोटो काढून परत गाडीत बसलेली असणार, लिहून घ्या. आठशेच्या वर पायऱ्या आहेत. आता रायगड पायऱ्यांनी चढलेल्या माणसाला आठशेचं काय कौतुक असं मलाही वाटलं होतं, आणि खरंच पाय दुखले नाहीत. प्रॉब्लेम ऊन. त्या उतारावर सावली म्हणून नाही, काळा दगड सकाळपासून तापलेला असतो आणि दरीत वारा पडलेला, उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो. खाली पोचल्यावर काय, तर बंद स्टेशन, कारण पोसिन्योच्या पुढची बार्का द'आल्वापर्यंतची लाईन १९८८ मध्येच बंद झालीय. आम्हाला खाली चहाची टपरी दिसली नाही, पाण्याचा नळ दिसला नाही, आणि तीच वाट धरून वर यायचं. उतरताना अर्धा लिटर संपलं, चढताना उरलेलं एक लिटर अर्ध्यातच संपलं आणि वरच्या शंभरेक पायऱ्या आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता चढलो. माझं स्पष्ट मत: मे ते सप्टेंबर सकाळी नऊच्या आत परत वर येणार असाल तरच उतरा. नाहीतर म्युझियमच्या गच्चीवरून तोच संगम दिसतो, फुकट आणि थंड पाणी हातात धरून.

म्युझियम चांगलं आहे. २०१० मध्ये उघडलं, काँक्रीट असं ओतलंय की लांबून डोंगराचाच दगड वाटतो. पण मूळ चित्रं तिथे नाहीत हे लक्षात घ्या, आत प्रतिकृती आणि स्क्रीन आहेत. आमच्याबरोबर लिफ्टमध्ये एक कुटुंब होतं, त्यांना वाटत होतं म्युझियम बघितलं म्हणजे झालं. झालं नाही.

खऱ्या चित्रांपर्यंत स्वतःच्या गाडीने जाता येत नाही. चित्रांसाठी राखलेल्या कोआ पार्कच्या जीपमधून गाईडबरोबरच जायचं, एका जीपमध्ये आठेक माणसं, त्यामुळे जागा भरतात. तीन ठिकाणं मुख्य: कनादा दो इन्फेर्नो, रिबेरा द पिस्कोस आणि पेनास्कोझा. आणि हे कोणी नीट सांगत नाही म्हणून मी ओरडून सांगते, तिन्ही एकाच ठिकाणाहून निघत नाहीत. कनादाची जीप म्युझियमपासून, पिस्कोसची मुशागाता गावातून, पेनास्कोझाची कास्तेलो मेल्योर गावातून. गाडी नसेल तर बुकिंग करतानाच विचारा की तिथपर्यंत पोचायचं कसं, नाहीतर पुन्हा तोच टॅक्सीवाला आणि तेच पस्तीस.

दुसरं म्हणजे वेळ. रेघा इतक्या बारीक आहेत की उन्हाची तिरीप चुकीच्या बाजूने असेल तर समोर नुसता दगड दिसतो. आमच्या गटातला एक तरुण पंधरा मिनिटं मान वाकडी करून "कुठाय, कुठाय" करत होता. कनादा सकाळी, पेनास्कोझा दुपारनंतर, यात बदल करू नका. पेनास्कोझाची रात्रीची फेरी मिळाली तर दिवसाची सोडून ती घ्या, गाईड बाजूने दिवा धरते आणि सपाट दगडातून अख्खा बैल उठून येतो. एका दगडावर घोडा-घोडी आहेत आणि घोड्याचं डोकं तीन वेळा कोरलंय, वर, मधे, खाली, म्हणजे मान हलतेय असं दाखवायचं होतं त्या माणसाला. मी वैतागलेली होते, पायात गोळे आले होते, तरी तिथे दिवा विझेपर्यंत हलले नाही. एवढ्यासाठी मी ती आठशे पायरी पण माफ केली, टॅक्सी नाही.

कनादाला गाईडने समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं, उकरलेला, अर्धवट सोडलेला. तिथे धरण होणार होतं. काम चालू असताना १९९४ च्या शेवटी या चित्रांची बातमी फुटली आणि देशभर भांडण पेटलं, वीज हवी की रेघा. शाळेतली पोरं रस्त्यावर उतरली, "चित्रांना पोहता येत नाही" अशी घोषणा देत. १९९५ च्या निवडणुकीनंतर आलेल्या गुतेरेश सरकारने धरण थांबवलं (तेच गुतेरेश जे पुढे युनोचे सरचिटणीस झाले), १९९६ मध्ये पार्क आणि १९९८ मध्ये युनेस्कोचा शिक्का. तोवर १९८३ च्या पोसिन्यो धरणाच्या फुगवट्याने खालची बरीचशी चित्रं आधीच पाण्याखाली गेलेली, ती अजून तिथेच आहेत.

माझं माहेर राजापूर. बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं लहानपणी गुरं चारणाऱ्यांबरोबर बघितलीत, तेव्हा त्याला कोणी कातळशिल्प म्हणत नव्हतं. कोकणातली शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि लगेच पुढच्या वर्षी त्याच बारसूला रिफायनरीच्या माती परीक्षणावरून काय झालं ते सगळ्यांना माहितीय. त्यामुळे गाईड सांगत होती तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे. बघायला मात्र दोन्ही एकदम वेगळं, आपल्याकडे जांभ्याच्या सपाट सड्यावर भलीमोठी आडवी चित्रं, वर उभं राहून बघायची. इथे उभ्या दगडाशी नाक लावून बघायची. आणि कोआला रस्ता बांधला, जीप ठेवली, गाईडला पगार दिला, म्हणून आठ-आठ माणसं रांगेत येतात. यावर जास्त लिहिलं तर माझं ब्लडप्रेशर वाढेल.

बाकीचं पटापट. कास्तेलो मेल्योरच्या डोक्यावर किल्ल्याची तटबंदी आहे, जीपला वेळ असेल तर चढा, मुद्दाम जाऊ नका. मारियाल्वा: पडका किल्ला, रिकामं जुनं गाव, मस्त, गाडी असेल तरच. आल्मेइदा लांब आहे, ताऱ्याच्या आकाराची तटबंदी, १८१० मध्ये नेपोलियनच्या फौजेने वेढा घातला तेव्हा आतलं दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि किल्ला पडला. किल्ल्यांचं वेड असलेल्यांनी एक पूर्ण दिवस द्या, बाकीच्यांनी सोडा. गिधाडं बघायची असतील तर फाया ब्रावाचं राखीव रान आहे, आम्ही एक निवांत दिवस तिथे घालवला, छान होता, सांगण्यासारखं काही घडलं नाही.

शाकाहारी लोकांनी कोबीच्या हिरव्या सूपवर भरवसा ठेवू नये, त्यात बहुतेक वेळा सॉसेजचा तुकडा तरंगत असतो, आधी विचारा. ब्रेड, चीज, ऑलिव्ह आणि इथले बदाम यांवर दोन दिवस आरामात निघतात. बदामाला फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि मला विचाराल तर तेव्हाच जा, ऊन नाही, पायऱ्याही सुसह्य असतील.

येताना-जाताना खिडकीचं: पोर्तोहून निघताना उजवीकडे बसा, नदी तिकडे आहे, फेराडोझाच्या पुलावर ट्रेन नदी ओलांडते मग डावीकडे सरका. परततानाही आधी उजवीकडे, पूल ओलांडला की डावीकडे. ट्रेन दिवसाला मोजक्याच असतात, शेवटची चुकली तर पोसिन्योत रात्र काढावी लागेल, आणि बाहेर तो टॅक्सीवाला असेलच.