ई ड्राइव्ह कोणाचा?

फोन आला तो पेनड्राइव्हमधले आराखडे रात्रीत गायब झाल्याचा. व्हायरसची शंका होती. मी आधी पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवायला सांगितलं, कारण त्यावर आणखी काही लिहिलं गेलं तर पुसलेल्या, पण अजून परत मिळू शकणाऱ्या फायलीही हातच्या जातात.

संगणकावर रोज रात्री बॅकअपसाठी रोबोकॉपी (विंडोजची फायली कॉपी करणारी आज्ञा) चालायची: डी ड्राइव्हवरचा डेटा थेट ई ड्राइव्हच्या, म्हणजे बॅकअपच्या बाहेरच्या हार्ड डिस्कच्या मुळाशी (सगळ्यात वरच्या पातळीवर), 'एमआयआर' स्विच (आज्ञेला जोडलेला पर्याय) लावून. हा स्विच मूळ ठिकाणी नसलेली प्रत्येक फाइल दुसऱ्या टोकाला पुसून टाकतो. लॉग (रोबोकॉपीने केलेल्या कामाची नोंद) उघडला तर आराखड्यांच्या नावांपुढे ओळीने 'एक्स्ट्रा फाइल' लिहिलेलं. काम संपताना रोबोकॉपीने दिलेला कोड 3 होता, म्हणजे 1 (फायली कॉपी झाल्या) अधिक 2 (जास्तीच्या फायली सापडल्या). रोबोकॉपीत 8 पासून पुढचे कोड अपयशाचे, त्यामुळे रात्रीचं काम यशस्वी म्हणून नोंदलं गेलं होतं.

झालं होतं ते असं. दिवसा कोणीतरी बॅकअपची ती हार्ड डिस्क काढली. मग पेनड्राइव्ह लागला. विंडोज नव्या ड्राइव्हला सी नंतरचं पहिलं मोकळं अक्षर देतं, ते ई निघालं. नंतर डिस्क परत जोडली, पण ई व्यापलेलं असल्यामुळे ती एफ झाली. रात्री रोबोकॉपी नेहमीप्रमाणे ई वर, म्हणजे पेनड्राइव्हवर चालली.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) लोकल मशीनखाली सिस्टिम, त्यात माउंटेड डिव्हायसेस ही नोंद पाहिली की हे डोळ्यांना दिसतं. तिथे एका अक्षराला एकच मालक असतो. ई च्या नोंदीत उजवीकडच्या रकान्यात मध्ये मध्ये टिंबं घेऊन 'यूएसबीस्टोर' अशी अक्षरं होती, म्हणजे पेनड्राइव्ह. एफ च्या नोंदीत फक्त 12 बाइट: पहिले 4 डिस्कची सही, पुढचे 8 पार्टिशन कुठे सुरू होतं ते. एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) असलेली डिस्क अशीच नोंदली जाते. डिस्कचा ई वरचा जुना हक्क पुसला गेला होता.

पेनड्राइव्हची सेक्टरनिहाय प्रतिमा (रिकाम्या जागेसकट हुबेहूब प्रत) घेऊन तिच्यावरच रिकव्हरी चालवली. जिथे नव्या फायली बसल्या होत्या तिथलं काही आलं नाही, मागच्या रिकाम्या भागातलं बरंच आलं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे टाळायला पाच मिनिटं पुरतात.

विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबा, चौकटीत डिस्कएमजीएमटी डॉट एमएससी (diskmgmt.msc) लिहून डिस्क मॅनेजमेंट उघडा, बॅकअपच्या पार्टिशनवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'चेंज'. अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. अक्षर मधलं घ्या, आर किंवा टी. सुरुवातीची अक्षरं पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर पटकावतात, शेवटची, झेड वगैरे, बहुधा नेटवर्क ड्राइव्हना दिलेली असतात. सी ला हात लावू नका, आणि ज्या ड्राइव्हवर प्रोग्राम बसवलेत त्याचंही अक्षर बदलू नका; त्यांचे शॉर्टकट आणि सेटिंग्ज जुन्याच पत्त्यावर शोधत राहतात.

नुसत्या अक्षरावर मात्र मी आता कुठेच विसंबत नाही. डिस्कच्या मुळाशी एक छोटी खुणेची फाइल ठेवतो आणि ती सापडली नाही तर स्क्रिप्ट (रोबोकॉपी चालवणारी आज्ञांची फाइल) पहिल्याच ओळीत थांबते. प्रत जाते ती आतल्या वेगळ्या फोल्डरमध्ये. खूण त्या फोल्डरच्या आत ठेवली, तर पहिल्याच रात्री 'एमआयआर' तिलाही जास्तीची समजून पुसतो.