एस-7 चा शिपाई

भाद्रपद वद्य प्रतिपदा, रात्री पावणेअकरा

माझा भाऊ अण्णा संध्याकाळी आला आणि ओसरीवरच बसून बूट काढायला लागला. मोजे निघेनात. पाय सुजले होते. मोज्याच्या रबराचा वळ नडगीभोवती असा उमटला होता की बोट फिरवलं तर खोलगट लागत होतं. मी घमेल्यात कोमट पाणी आणून मीठ टाकलं. पाय बुडवून दोन मिनिटं झाली नाहीत तोच भिंतीला डोकं टेकून त्याला झोप लागली. वर्दीच्या पाठीवर घाम वाळून पांढरे डाग पडले होते.

पुण्याची विसर्जन मिरवणूक बघणाऱ्याला तीन-चार तासांची वाटते. तो बघून घरी जातो, मिरवणूक मात्र दुसऱ्या दिवशीही चाललेली असते. अण्णाचा बंदोबस्ताचा पॉइंट लक्ष्मी रस्त्यावर होता. चतुर्दशीला सकाळी सहाला हजेरी दिली, तो काल रात्री सुटला. मधे एका बंद दुकानाच्या पायरीवर दीड तास पाठ टेकली, एवढीच झोप. आणि आज सकाळी पुन्हा ठाण्यात हजर.

तो झोपलेला असताना मी मनाशी हिशेब मांडत बसले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर काढली, मग वेतनश्रेणी मिळाली. एस-10, महिन्याच्या मूळ पगाराची सुरुवात 29,200. अण्णा पोलीस शिपाई, एस-7, सुरुवात 21,700. एकाच आईची लेकरं आम्ही. तो रसायनशास्त्रात बीएस्सी आहे. पहाटे चारला उठून 1600 मीटर धावायचा, दुपारी गोळाफेक, रात्री अंकगणित आणि मराठी व्याकरण. भरतीला अट बारावी पासची, म्हणून श्रेणीही बारावीची. फौजदाराची सुरुवात 38,600 पासून, त्याला पदवी लागते. ती पदवी अण्णाकडे आहे, पण पगारात तिचा एक रुपया नाही.

कुणी म्हणेल, अट बारावीची तर पगारही बारावीचाच मिळणार. पण काम तरी बारावीचं राहिलंय का? 2024 च्या भरतीत 17 हजारांवर जागांना 17 लाखांवर अर्ज आले, त्यात इंजिनिअर होते, पदव्युत्तर शिकलेली पोरं होती. त्याच वर्षी 1 जुलैपासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. आता झडती घ्यायची, मुद्देमाल जप्त करायचा तर सगळ्याचं चित्रीकरण करावं लागतं, आणि साहेबांच्या शेजारी मोबाइल धरून उभा असतो तो शिपाईच. पंचनाम्यात एक ओळ चुकली तर कोर्टात वकील उभा-आडवा घेतो. हे सगळं अण्णा रात्री जागून शिकला.

जोखमीला किंमत द्यायची, हे सरकारला मान्य नाही असंही नाही. गडचिरोलीत नक्षलग्रस्त भागात असलेल्यांना दीडपट वेतन मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. 2019 च्या महाराष्ट्र दिनी जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात 15 जवान गेले, सोबत गाडीचा चालकही. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आईनं ताट तसंच बाजूला सारलं होतं. पण जोखीम म्हणजे फक्त गोळी आणि सुरुंग का? कोरोनात हीच माणसं चौकाचौकात उभी होती, कित्येक घरी परतली नाहीत. सरकारनं वारसांना 50 लाख दिले. म्हणजे माणूस गेल्यावर किंमत ठरते. आणि जी जोखीम रोज थोडी थोडी अंगात मुरते तिचं काय? अवेळी जेवण, धूर, डीजेच्या भिंतीसमोर उभं राहणं, चाळिशीच्या आत लागलेली रक्तदाबाची गोळी. अण्णाला ती गेल्या वर्षी सुरू झाली. मला त्यानं सांगितलं नाही, वहिनीकडून कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की 21,700 हा आठ तासांचा दाम आहे. नवव्या तासापासून पुढे जे घेता, त्याचा वेगळा हिशेब करा. कारखान्यात ओव्हरटाइम मिळतो, शिपायाला का नाही? आठ तासांची ड्युटी मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात 2016 मध्ये सुरू करून बघितली होती, तेव्हा आम्हाला केवढी आशा वाटली होती! पण सण आला, मोर्चा आला, कुणी मोठा पुढारी आला की आठाचे बारा होतात आणि बाराचे कितीही.

‘त्यांना पगाराची काय गरज, वरून मिळतंच की,’ असं आमच्या स्टाफरूममध्येही बोलतात. घेणारे आहेत, मी नाही म्हणत नाही. पण अण्णाच्या घरात अजून फ्रिजचा हप्ता चालू आहे, आणि हे वाक्य त्याच्या मुलीला शाळेत ऐकावं लागलंय.

त्याला स्वतःला हे कुठे बोलता येत नाही. 1982 च्या ऑगस्टमध्ये पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली, मुंबईत उद्रेक झाला, लष्कर बोलवावं लागलं. तेव्हापासून शिपायाला संघटना नाही, संपाचा हक्क तर नाहीच. 2023 च्या मार्चमध्ये आम्ही जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संपावर होतो. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना ती बंद झाली, म्हणजे अण्णालाही. मोर्चात मी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ओरडत होते आणि बॅरिकेडच्या पलीकडे बंदोबस्ताला हा उभा. नजरानजर झाली. पाण्याची बाटली द्यायला मी पुढे गेले, तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, ‘‘ताई, जरा जोरात ओरडा गं.’’

घमेल्यातलं पाणी गार झालं तेव्हा त्याला उठवलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी नको म्हणाला. मोजे धुऊन पंख्याखाली टाकलेत. सकाळपर्यंत वाळायला हवेत, पहिल्या एसटीनं त्याला परत जायचंय.