पोस्टडॉक म्हणजे काय गे?

"पीएचडी संपली नव्हं? मग आणि कसली परीक्षा देतीस?" आईचा प्रश्न. परीक्षा नव्हे, पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी आहे, पगार मिळतो, दोन वर्षांची असते, असं सांगितलं. "आणि दोन वर्षांनी?" ते जाहिरातीतही लिहिलेलं नसतं.

आमचं शिवार बेळगावजवळच्या येळ्ळूरला, बळ्ळारी नाल्याच्या काठाला. जुलैत नाला चढला की नुकतीच नट्टी (लावणी) केलेलं भात पाण्याखाली जातं आणि आप्पा दुबार नट्टीसाठी रोपं शोधत गावं पालथी घालतात. माझी पीएचडी त्याच पाण्यावरची. बुडालेलं भात वर डोकं काढायला भराभर वाढतं, त्यात अंगातली साखर संपवतं आणि पाणी ओसरेपर्यंत मरतं. सब१ए जनुक असलेलं रोप मात्र गप्प बसतं. साखर राखतं, दोनेक आठवडे तगतं. हे जनुक ओडिशाच्या एफआर१३ए या जुन्या वाणातलं. २००६ साली ते उजेडात आणणाऱ्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसचे शास्त्रज्ञ होते. म्हणून रात्री जेवणं झाली की मी डेव्हिसच्या जागा चाळत बसते.

दहा कॅम्पसचं अवाढव्य विद्यापीठ, तेव्हा जागांना काय तोटा, असं मलाही वाटायचं. पण पोस्टडॉकचा पगार बहुतेक वेळा एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाच्या अनुदानातून निघतो. अनुदान संपलं की जागाही संपते. शिवाय दुसरीकडे केलेली वर्षं धरून एकूण पाच वर्षांची मर्यादा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथले पोस्टडॉक, शिकवणारे विद्यार्थी वगैरे मिळून ४८ हजार जण पगारवाढीसाठी संपावर गेले होते. हे ऐकून आप्पा खूश. "म्हणजे एवढं शिकूनबी मोर्चा काढावाच लागतोय की!" सीमाभागातल्या माणसाला मोर्चा लगेच कळतो.

सुरुवातीला मी दोन-दोन पानी ईमेल पाठवले. परिषदा, पेपर, 'आदरणीय सर', सगळं होतं. एकाचंही उत्तर नाही. मग एका प्रयोगशाळेला पाचच ओळी लिहिल्या: आमच्या शेतात अमुक दिवस पाणी होतं, यातलं एवढं भात जगलं, का जगलं ते मला बघायचं आहे. सोबत आप्पांनी काढलेला फोटो. तिसऱ्या दिवशी उत्तर.

व्हिडिओ कॉल त्यांच्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊला. पावसात येळ्ळूरच्या विजेचा भरवसा नाही, म्हणून वडगावला मावशीच्या घरी जाऊन बसले. प्राध्यापकबाईंनी पेपरांबद्दल थोडंच विचारलं. फोटोतलं भात कुठलं, यावर मात्र अडून बसल्या. मी इंटाण म्हणाले. घरी आल्यावर आप्पांनी फोटो निरखून बघितला.

"इंटाण पलीकडच्या वाफ्यात गे. हे बासमती."

आता दुरुस्तीचा ईमेल लिहायला बसले आहे.