मधली सात वर्षं

रात्रीचे साडेदहा. दादाला पालथं झोपवून आले. कण्याला इजा झाल्यापासून तो चाकाच्या खुर्चीत असतो, कमरेखाली त्याला काही कळत नाही. नडगीखाली उशी दिली आहे, म्हणजे पायाची बोटं गादीवर दाबली जाणार नाहीत.

संध्याकाळी हातआरशात पाहिलं तर डावीकडच्या बसायच्या हाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबला, पांढरा पडला नाही. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिला, तसाच. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल होणारा डाग थोडा आराम दिला की जातो. दाबूनही लालच राहणारा म्हणजे वरून कातडी शाबूत दिसली तरी इजा सुरू झालेली असते. आता तो पूर्ण जाईपर्यंत त्या बाजूवर बसणं बंद. किती दिवस, कोण सांगणार.

आणि हे झालं कशाने, तर नाना आणि मंडळी दोन तास धीर द्यायला बसली होती म्हणून. दादा त्यांच्यापुढे ताठ बसून राहिला. एरवी दर वीस मिनिटांनी तो छाती मांड्यांवर टेकवून दोन मिनिटं पुढे झुकतो. हातांवर जोर देऊन अंग उचलण्यापेक्षा हे बरं, कारण उचललेलं अंग फार वेळ धरून ठेवता येत नाही आणि दबलेल्या जागेत रक्त नीट परत यायला दीड-दोन मिनिटं लागतात. पण चारचौघांत असं झुकलं की विचारतात, काय झालं, चक्कर येतेय का? म्हणून तो झुकलाच नाही. नाना मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगत होते आणि समोर हे होत होतं. मला राग आला. अजून आहे.

पेटकरांबद्दल नाही, त्यांच्याबद्दल कसा येईल! सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचा मुलगा, सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलात जवान, बॉक्सर. आपल्या बडोद्यात ईएमईचं ॲल्युमिनियमच्या घुमटाचं दक्षिणामूर्तीचं देऊळ आहे, त्यामुळे नानांना ते घरचेच वाटतात. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात. १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. नाना गोळी सांगतात आणि लगेच पदक सांगतात. मधली सात वर्षं एका वाक्यात: "इच्छाशक्ती, बाळा."

राग त्या वाक्याचा आहे. त्या सात वर्षांतच तर सगळं आहे. मुंबईत नौदलाच्या आश्विनी रुग्णालयात ते उपचार म्हणून पाण्यात उतरले. १९६८ साली तेल अवीवला गेले ते टेबल टेनिस खेळायला, पोहायला नव्हे. म्हणजे मधे कुणीतरी त्यांना पाण्यात उतरवलं, बाहेर काढलं, कातडी तपासली, लघवीच्या वेळा सांभाळल्या. हे कुणी सांगत नाही. बॉक्सरचे खांदे आणि हात शाबूत राहिले, हेही कुणी सांगत नाही. कण्याला इजा कुठे झाली यावर काय उरतं ते ठरतं. दादाची डी-१०ची, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी आहे. हात पूर्ण, पोटाचे वरचे स्नायू बरेचसे. मानेत झाली असती तर हीच इच्छाशक्ती घेऊन चमचा धरणंही कठीण गेलं असतं.

आणि इच्छाशक्तीने पायऱ्या कशा उतरायच्या? दांडिया बाजारातलं आपलं घर, ओटा दीड फूट. एक फूट उंचीला बारा फूट उतार धरला तर अठरा फुटांचा उतार लागेल. गल्ली दहा फुटांची. दोन माणसं खुर्ची उचलतील तेव्हाच तो बाहेर. शेजारच्या बा म्हणतात, "हिंमत राखजे, दीकरा." हिंमत त्याच्याकडे आहे हो. माणसं कमी आहेत.

कधी कधी वाटतं, आपल्याच वाट्याला... जाऊ दे.

हे सगळं खरं असलं तरी नाना गेल्यावर दादानेच मला विचारलं, "सात वर्षं म्हणजे मला अजून किती आहेत गं?" चिडून नाही, हिशोब करत. त्याच्या हातात मनगटाजवळ चाकाने घासून घट्टे पडलेत, त्यांवरून तो बोट फिरवत होता. मला जे टोचत होतं त्यातून त्याने आपल्या कामाचं तेवढं उचललं. नाना मनापासून बोलतात, ते तसेच बोलणार. त्यांच्या तोंडून आलेलं नाव त्याला पुरलं, हे मला मान्य करायला हवं. राग थोडा उरलाय, तो राहू दे.

तर दादाला पोहण्याच्या तलावावर न्यायचं. डाग जाऊन कातडी आठवडाभर शाबूत राहिली की मगच. उघड्या जखमेने पाण्यात जायचं नाही. आधी मूत्राशय रिकामं करायचं. पायांत जाड मोजे, कारण तळाची फरशी खरखरीत असते, पाय ओढला गेला की सोलतो आणि त्याला कळत नाही. थंडीत नको; कमरेखालचं अंग गारठलं तरी कुडकुडून ऊब आणत नाही. पहिले दिवस हात मारायला शिकवायचंच नाही, पालथ्याचं उताणं होणं एवढंच, कुणी न धरता, पुन्हा पुन्हा. पाण्यात श्वास सोडायची सवयही त्याच दिवसांत. पाय खाली जातात म्हणून मांड्यांमध्ये फ्लोट देतात, पण मोठा दिला तर कंबर वर उचलली जाते आणि तोंड खाली जातं. लहानच घ्यायचा.

सगळ्यात जास्त कातडी जाते ती काठावर, खुर्चीतून खाली येऊन पाण्यात सरकताना. उचलून ठेवायचं, घासत न्यायचं नाही. खाली फोमची गादी हवी, निदान दोन इंची. योगासनाची चटई दबून जाते आणि फरशीची कड तशीच लागते. गादी रेक्झिनची शिवून घ्यायची, शिलाई खालच्या बाजूला. उद्या खंडेराव मार्केटकडे गेले की फोमवाल्याला विचारते.