पोटखराबा

कशेळी, कोकणातलं आमचं गाव. गणपती गेल्याचा चौथा दिवस. सकाळी दोन सरी, मग लख्ख उघडीप.

काल रात्री काकांनी जमिनीचे कागद काढले होते. सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावरच्या, आमच्या तुकड्यापुढे सातबाऱ्यावर लिहिलंय ‘पोटखराबा’. म्हणजे पिकाला निरुपयोगी. तो शब्द डोक्यात घेऊनच झोपले आणि आज सकाळी चहा होताच काकीला म्हटलं, चल, सड्यावर जाऊन येऊ.

पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून वर आलो तर सगळा कातळ पांढरा दिसत होता. गेंद फुलला होता. काडीच्या टोकावर शर्टाच्या बटणाएवढी पांढरी बोंडं, अशी लाखांनी. मधल्या ओलसर खळग्यांत सीतेची आसवं, जांभळी-निळी. मी गुडघे टेकून जवळून पाहिलं. फूल करंगळीच्या नखाएवढं, खाली सोंडेसारखी बाकदार शेपटी. एवढं नाजूक फूल, पण झाड किडे खाणारं. चिखलात मुळांच्या जागी बारीक फुगे असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की फुगा त्याला आत ओढून घेतो. कातळावर माती असते बोटभर, आणि तीही एवढ्या पावसात धुऊन निघालेली. नत्र मिळायचं कुठून? दोन पावलांवर दवबिंदूची रोपं होती. त्यांच्या पानांवरच्या चिकट थेंबांत एक चिलट अडकून अजून पाय हलवत होतं.

हे सगळं जेमतेम पावसाळ्यापुरतं. जूनमध्ये पाऊस पडला की काळ्या कातळावर हिरवं पोपडं धरतं, जुलैत दीपकाडीची पांढरी फुलं येतात. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांबाहेर ती कुठे उगवत नाही. मग गेंद, आसवं, तेरडा, पिवळा कवला. दिवाळीपर्यंत गवत पिवळं पडतं आणि एप्रिलमध्ये इथे उभं राहिलं तर चपलेतूनही चटका बसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतच गावी येणाऱ्यांना सडा उजाड वाटतो तो त्यामुळे. मलाही कित्येक वर्षं वाटायचा. त्याची आता हळहळ वाटते.

वाटेत हत्तीच्या कातळशिल्पापाशी थांबलो. सुमारे अठरा मीटर लांब हत्ती, आणि त्याच्या पोटात मासे, जनावरं कोरलेली. हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी याच कातळावर बसून दगडाने दगड खोदला. कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत लागलं, त्यात हेही आहे. शिल्पाच्या एका खाचेत पाणी साठलं होतं आणि त्यात गेंदाची चार बोंडं उभी होती. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

मग देवघळीकडे. तिथे सडा एकदम तुटतो आणि खाली समुद्र. वर लाल जांभा, तळाला काळी खडपं, त्यांवर फुटणारं पाणी. कनकादित्याची, म्हणजे गावच्या सूर्यदेवाची, मूर्ती गलबतातून आली आणि इथल्या घळीत ठेवली होती असं सांगतात, म्हणून ही देवघळी. उतरताना शेवाळावरून माझा पाय सटकला. आधाराला बाजूची वेल धरणार, तोच काकी ओरडली, “हात लावू नको हो, कळलावी आहे ती!”

नुसतं फूल हाताळून काही होत नाही, विष मुख्यतः कंदात असतं. पण काकीच्या लेखी ही वेल घरात आली की भांडण आलंच. मी थांबले आणि पाहिलं. पाकळ्या वर वळलेल्या, कडा लाटांसारख्या. खालच्या फुलाच्या पाकळ्या पूर्ण लाल, वरच्याच्या अर्ध्या पिवळ्या, टोकाच्या कळीच्या अजून हिरव्या. एकाच वेलीवर फुलाचं सगळं आयुष्य. पानांची टोकं तणाव्यासारखी वळून शेजारच्या करवंदीला घट्ट धरून होती.

खाली सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. वाळूवर मर्यादवेल पसरलेली, आपट्यासारखी जोडपानं, गुलाबी-जांभळी फुलं. काकी म्हणाली, “उधाण सोडलं तर समुद्र हिच्या पुढे येत नाही, म्हणून मर्यादवेल.” लहानपणी तिच्या आजीने तिला हे सांगितलं होतं, याच वाळूवर.

परतताना पलीकडच्या सड्यावरून चिरेखाणीचा आवाज येत होता. कातळ कापून चिरे काढतात, घरं बांधायला ते लागतातच, आमचंही घर चिऱ्याचंच आहे. दुसरीकडे जेसीबीने कातळ फोडून, बाहेरून माती आणून कलमं लावलेली. हापूसवर आमचीही घरं चालतात, कुणाला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण वरची बोटभर माती एकदा खरवडली की दीपकाडीचा कांदा जायचा कुठे?

घरी आल्यावर काकांना विचारलं, आपला तुकडा आहे तसा ठेवायचा का? त्यांनी कागद घडी करून पेटीत ठेवले. म्हणाले, “जुलैत ये. ती दीपकाडी मला दाखव. सत्तर वर्षं झाली इथे, मी काही पाहिलेली नाही.”