फोटोवरनं अंतर, ते पण लेन्समागच्या गॅलक्सीचं

परवा सात रस्त्याला चहा पिताना मित्र म्हणाला, "काय बे, नुसता फोटो बघून गॅलक्सी किती लांब आहे ते कसं सांगतेत?" तिथं बोलणं अर्धवट राहिलं म्हणून इथं लिहितोय.

सगळं रंगावर आहे. विश्व पसरतंय, त्यामुळं लांबचा प्रकाश लाल बाजूला सरकतो, तो रेडशिफ्ट, आणि त्यावरनं अंतर. पक्कं माप स्पेक्ट्रमवरनंच (प्रकाश बारीक रंगांत पसरवून बघणं) मिळतं, पण प्रत्येक गॅलक्सीसाठी दुर्बिणीचा तेवढा वेळ कोण देणार, म्हणून वेगवेगळ्या फिल्टरमधनं फोटो घेतात आणि कशात किती उजेड आला ते मोजतात. फार लांबच्या गॅलक्सीचा 1216 अँगस्ट्रॉमपेक्षा (प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं बारीक एकक) कमी तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन खाऊन टाकतो, मग ती एका फिल्टरपर्यंत गायबच असते आणि पुढच्यात एकदम दिसते. कुठं दिसायला लागली त्यावरनं रेडशिफ्टचा अंदाज.

आता मधे एखादा जड क्लस्टर (गॅलक्सींचा घोळका) किंवा एखादी जड गॅलक्सी आली की तिचं गुरुत्वाकर्षण भिंगासारखं काम करतं, हीच लेन्स, आणि मागची गॅलक्सी ताणली जाते, उजळते, एकीच्या तीन-चार प्रतिमा पण होतात. पण गुरुत्वाकर्षण सगळे रंग सारखेच वाकवतं, म्हणून उजेड वाढला तरी रंग बदलत नाही!! मला हे लय भारी वाटतं.

मॅक्स0647-जेडी ही अशीच एका क्लस्टरमागची गॅलक्सी घ्या. 2012 ला हबल दुर्बिणीच्या 17 फिल्टरपैकी फक्त सगळ्यात लाल दोनांत ती दिसली, तीन प्रतिमा, आणि रेडशिफ्टचा अंदाज निघाला साधारण 11. पुढं जेम्स वेब दुर्बिणीनं स्पेक्ट्रम घेतला तर 10.17. नुसत्या फोटोवरनं इतकं जवळ जाणं म्हणजे खरंच कमाल आहे. आणि जवळची, धुळीनं लाल झालेली गॅलक्सी पण कधीकधी अशीच दिसते, तिथं लेन्सचीच मदत होते, कारण प्रतिमा एकमेकींपासनं किती लांब पडतात ते पण मागच्या गॅलक्सीच्या अंतरावर ठरतं. म्हणजे रंगाशिवाय दुसरा साक्षीदार.

त्रास होतो तो लेन्सच्या स्वतःच्या उजेडाचा. पुढची गॅलक्सी बहुतेक म्हातारी, पिवळट-लाल, मागचा कमानीसारखा तुकडा निळसर आणि तिला चिकटलेला. पुढचीचा उजेड प्रत्येक फिल्टरमधनं नीट वजा केला नाही तर कमान उगाच लाल मोजली जाते आणि अंतर चुकतं. चिलीतल्या रुबिन दुर्बिणीचे सहाच फिल्टर आहेत आणि लेन्स हजारोंनी सापडतील असा अंदाज आहे, सगळ्यांचे स्पेक्ट्रम काही मिळणार नाहीत, त्यामुळं माझ्या मते नवीन पोरांनी आधी ही वजाबाकीच शिकावी, मॉडेल नंतर.